राग आल्यावर हात काय करतात? दोघांनी मिळून रागाचं छायाचित्र घडवताना

रागाचा फोटो म्हटलं की डोळ्यांसमोर ठरावीक चित्र येतं. उघडं तोंड, मानेवरच्या ताणलेल्या शिरा, मागे लाल दिवा. मीही तिथूनच सुरुवात केली होती. समोर बसल्या होत्या माझ्या धाकट्या भावाच्या वर्गशिक्षिका. एका विनाअनुदानित शाळेत त्यांनी अकरा वर्षं शिकवलं, त्यातले शेवटचे चौदा महिने पगाराविना. हा राग आपण दोघींनी मिळून छायाचित्रांत आणायचा, असं ठरलं होतं. दिवे लावून मी म्हणाले, "बाई, तुम्ही मोठ्यानं ओरडा, मी क्लिक करत राहते."

त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला आणि थांबल्या. म्हणाल्या, "अगं, मी वर्गात कधी ओरडले नाही. ओरडावंसं वाटलं की वळायचे आणि फळा पुसायचे. पुसलेला फळाही पुन्हा पुसायचे."

आमचं पुढचं सगळं काम या वाक्यावर उभं राहिलं. राग मोकळा सोडला की तो कॅमेऱ्यात नाटकी दिसतो, आवरून धरला की दिसायला लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो कसा आवरला जातो, हे ज्याचा राग आहे त्यालाच माहीत असतं. म्हणून हे काम दोघांचं. खाली लिहिलेली पद्धत आम्ही पाच महिन्यांत चुकतमाकत बसवली. तुमच्याकडे साधा डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, एक फ्लॅश आणि रिकामी करता येईल अशी एक खोली असेल तर एवढ्यावर काम होतं.

आधी शब्द ठरवा

कॅमेरा काढण्यापूर्वी कागद घ्या आणि आपल्या भाषेत रागाला किती शब्द आहेत ते दोघांनी मिळून लिहा. रुसवा, फणकारा, धुसफूस, त्रागा, चीड, संताप, कोप, अबोला. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि प्रत्येकाचा फोटो वेगळा होतो. फणकारा क्षणाचा असतो, मानेच्या झटक्यात आणि पदराच्या हेलकाव्यात. त्याला हालचाल हवी. रुसव्याला समजूत काढणारं कुणीतरी यायला हवं असतं, म्हणून त्याच्या चौकटीत एक बाजू मोकळी सोडावी लागते. धुसफूस भांड्यांच्या आवाजात असते, तिथे चेहऱ्यापेक्षा ओटा महत्त्वाचा. त्राग्यात माणूस स्वतःलाच त्रास करून घेतो. अबोल्याला दोन माणसं लागतात, एकट्याचा अबोला फोटोत नुसता एकटेपणा होऊन बसतो.

बाईंनी 'चीड' उचलला. मी 'संताप' सुचवला होता. "संताप उतरतो गं," त्या म्हणाल्या, "चीड उतरत नाही." म्हणजे आम्हाला भडका नको होता, वर्षानुवर्षं टिकून राहिलेलं काहीतरी हवं होतं. प्रकाश, रंग, शटरचा वेग, सगळं पुढे या एका शब्दावरून ठरलं.

रागाचं शरीरशास्त्र समजून घ्यायचं असेल तर भरताच्या नाट्यशास्त्रातला रौद्र रस जरूर वाचा. क्रोध हा स्थायीभाव, रंग लाल, देवता रुद्र. अनुभावही, म्हणजे भाव शरीरावर दिसण्याच्या खुणा, नेमके दिले आहेत: लाल डोळे, चढवलेल्या भुवया, दातओठ खाणं, गालांचं स्फुरण, हातावर हात चोळणं. पण हे वर्णन रंगमंचासाठी आहे, आणि तिथला प्रेक्षक लांब बसलेला असतो. आपली लेन्स दीड-दोन मीटरवर असते. तिथे चढवलेली भुवई आरोळीसारखी दिसते. त्यामुळे यादी घ्या, पण तीव्रता चौथ्या हिश्शावर आणा. मला त्या यादीतलं सर्वांत उपयोगी पडलं ते शेवटचं, हातांबद्दलचं.

सहकारी, मॉडेल नव्हे

सहकार्यातून छायाचित्र करणं नवं नाही. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात छायाचित्रकार जो स्पेन्स आणि रोझी मार्टिन यांनी आळीपाळीनं एकमेकींचे फोटो काढत कुटुंब, वर्ग, आजारपण यांबद्दलच्या दडपलेल्या भावना मांडल्या. त्यांनी त्याला 'फोटो थेरपी' म्हटलं. आपल्याकडे कलाकार पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात केलेलं काम दोघींच्या नावावर आहे. पालघर जिल्ह्यातल्या जव्हारचं उदाहरण तर आपल्या घरचंच. तिथे बोहाड्यासाठी, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या आदिवासी उत्सवासाठी, देव-दानवांचे कागदी लगद्याचे मुखवटे घडवणाऱ्या कलाकारांबरोबर छायाचित्रकार गौरी गिल २०१५पासून काम करत आल्या आहेत. त्यांनी या कलाकारांना देवांऐवजी रोजच्या जगण्यातले, वेगवेगळ्या भावांचे मुखवटे करायला सांगितलं, आणि गावातल्याच माणसांनी ते घालून रोजच्या जागी प्रसंग उभे केले. मुखवटा कसा असेल हे जिथे मुखवटा करणारा ठरवतो, तिथे छायाचित्रकाराचा हट्ट आपोआप कमी होतो.

आपल्या पातळीवर हे असं करा. किमान तीन भेटी ठेवा आणि पहिल्या दोन भेटींत कॅमेरा पिशवीतून काढू नका. "तुम्हाला कशाचा राग येतो?" हा प्रश्न सरळ विचारला तर तयार उत्तरं मिळतात. त्याऐवजी शरीराबद्दल विचारा. राग आल्यावर तुमचे हात काय करतात? तो आधी कुठे जाणवतो, घशात, पोटात, कानशिलात? तेव्हा तुम्ही उभे असता की बसलेले? समोर कोण असतं, आणि त्याला कळतं का? लोक म्हणतात, "तळपायाची आग मस्तकात गेली." तुमची कुठून कुठे जाते? बाईंनी या प्रश्नावर दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि बोटांच्या चिमटीत नसलेला खडू धरला. स्वतःच्या नकळत. ती चिमूट मी वहीत रेखाटून ठेवली.

तिसऱ्या भेटीत आधी तुम्ही लेन्ससमोर बसा आणि सहकाऱ्याला शटर दाबू द्या. ही पायरी गाळू नका. मी बसले तेव्हा आणलेला राग चार सेकंदांत ओघळून जातो आणि त्यानंतर नुसत्या आठ्या उरतात, हे चेहऱ्यालाच कळलं. समोरून येणारं "अजून, अजून" किती टोचतं, तेही कळलं. त्यानंतर मी तो शब्द कधी वापरला नाही.

लिखापढी

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. कल्पना, हावभाव, वस्तू सगळं सहकाऱ्याचं असलं तरी कायदा आपोआप त्याला वाटेकरी करत नाही. म्हणून दोघांचं काम असेल तर ते लिहूनच ठेवावं लागतं. हक्काचं हस्तांतरण लेखीच लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ही दोन्ही कलमं लोक विसरतात.

आमचा करार एका पानाचा, मराठीत होता. श्रेयात दोन्ही नावं. विक्री झाली तर छपाई-फ्रेमचा खर्च वजा करून निम्मं-निम्मं. कोणतंही छायाचित्र दोघींच्या होकाराशिवाय कुठेही जाणार नाही, आणि दिलेला होकार पुढेही मागे घेता येईल, विकल्या गेलेल्या प्रती सोडून. शाळेचं नाव किंवा तिथली कुणी व्यक्ती ओळखू येईल असं काही चौकटीत किंवा मजकुरात येणार नाही, हे कलम बाईंनी घातलं. सही पहिल्या सत्राच्या आधी झाली पाहिजे. राग बोलून झाल्यावर माणूस हळवा असतो, त्या वेळी कागद पुढे करणं मला गैर वाटतं.

वस्तू आणि जागा

वस्तू एकच ठेवा, फार तर दोन. आमच्याकडे खडू आणि डस्टर होतं. शिवाय पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला चार बाय तीन फुटांचा लाकडी फळा. नवा फळा आधी आणून पाहिला होता, पण त्याच्यावर पुसण्याचे जुने थर नव्हते, आणि बाई त्याच्यासमोर पाहुण्यासारख्या उभ्या राहिल्या. वस्तू सहकाऱ्याच्या हातात वर्षानुवर्षं राहिलेली असेल तर हात तिला कसं धरायचं ते विसरत नाहीत.

दहा बाय बाराची खोली पुरते. मागे काळं मखमल लावा. साधं काळं सुती कापड फ्लॅशमध्ये करडं दिसतं, मखमल प्रकाश गिळतं. माणूस आणि कापड यांच्यात किमान चार फूट अंतर ठेवा. खडूची धूळ उडवणार असाल तर खिडकी उघडी, दोघांकडे मास्क (फोटो नसेल तेव्हा चेहऱ्यावर), आणि त्या खोलीत लेन्स बदलायची नाही. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पटलावर, बसलेला खडू काढायला नंतर दुकान गाठावं लागतं.

प्रकाश

रागासाठी लोक दिवा खालून लावतात. तसं करू नका. हनुवटीखालून आलेल्या प्रकाशात माणूस खलनायक किंवा भूत दिसतो, कारण असा प्रकाश रोजच्या जगण्यात जवळजवळ कुठेच नसतो. पाहणारा घाबरतो, पण त्याला राग समजत नाही.

आवरलेला राग चेहऱ्यावर फार थोड्या ठिकाणी दिसतो. भुवया खाली आणि जवळ येतात, त्यांच्या मध्ये उभ्या आठ्या पडतात. खालची पापणी ताठ होते. ओठ मिटून पातळ होतात. दात आवळले की कानाखाली जबड्याचा स्नायू सुपारीएवढा उचलतो. हे सगळे बारीक उंचवटे आहेत, आणि उंचवटा दाखवायला प्रकाश घासत जायला हवा. दिवा चेहऱ्याच्या अगदी बाजूला, नव्वद अंशांच्या थोडा पुढे, डोळ्यांपेक्षा किंचित वर ठेवा. मोठा सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) जवळ आणला तर आठ्या पुसल्या जातात. फ्लॅशवर छोटा रिफ्लेक्टर किंवा काळ्या कागदाची नळी लावा. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल ठेवायचा मोह होतो. त्याऐवजी काळा कार्डपेपर उभा करा, म्हणजे सावलीची बाजू खरोखर काळी राहते. इतकं करून दोन्ही डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका आहे ना ते पाहा. ठिपका नसलेला डोळा निर्जीव दिसतो, आणि चीड तर डोळ्यांतच जिवंत असते. ठिपका येत नसेल तर दिवा दहा-दहा अंशांनी पुढे आणत जा.

धुळीचा नियम वेगळा. खडूचे कण मागून प्रकाश आला तरच उजळतात. फ्लॅश सहकाऱ्याच्या मागे, थोडा बाजूला, लेन्सच्या दिशेनं पण चौकटीबाहेर ठेवा आणि लेन्सवर थेट किरण पडू नये म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा करा. फ्लॅशची ताकद १/१६ पर्यंत उतरवा. छोट्या फ्लॅशमध्ये ताकद कमी केली की चमकीचा काळही कमी होतो, आणि कण हवेत गोठतात.

तीन चौकटी, तीन सेटिंग

चेहऱ्यासाठी ८५ मिमी किंवा त्याच्या आसपासची लेन्स. रुंद लेन्स जवळ नेली तर नाक मोठं होतं आणि चेहऱ्याचं व्यंगचित्र होतं. शटर १/१६० सेकंद, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), आयएसओ १०० (प्रकाशाला संवेदनशीलता). फोकस जवळच्या डोळ्यावर.

मुठीसाठी तेच सेटिंग, पण प्रकाश मागून. बाईंनी खडू मुठीत धरला आणि हळूहळू आवळत नेला. आधी बोटांची पेरं पांढरी पडली, मग अंगठा आत वळला, मग एक बारीकसा आवाज आला. आवाजावर शटर दाबलं तर उशीर होतो. मी ते दाबायला शिकले अंगठा वळतो तेव्हा. चौदा खडू लागले. बाविसाव्या फ्रेममध्ये करंगळीच्या फटीतून धुळीची एक सरळ धार खाली पडताना मिळाली.

तिसरी चौकट फळा पुसतानाची, पाठमोरी. तिच्यात चेहराच नाही, आणि तीच आमची मुख्य झाली. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ११, शटर १ सेकंद. फळ्यावर बाजूनं टेबललॅम्पचा मंद, सलग प्रकाश आणि बाईंच्या खांद्यावर फ्लॅश. फ्लॅश 'रिअर कर्टन'वर ठेवा, म्हणजे तो एक्स्पोजरच्या शेवटी चमकतो: आधी हाताची हालचाल धुरासारखी पसरते आणि शेवटी पाठ, अंबाडा, ब्लाउजची शिवण धारदार उमटते. अर्ध्या सेकंदात हात नुसता हललेला वाटला, दोन सेकंदांत हात नाहीसाच झाला. एका सेकंदात तो होता आणि नव्हताही. पाय खांद्याएवढे अंतर ठेवून रोवायचे, श्वास अर्धा सोडून धरायचा, फक्त कोपरापासून पुढचा हात हलवायचा. याचा सराव कॅमेऱ्याशिवाय दहा मिनिटं करून घ्या.

सत्र चालू असताना

३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावात छायाचित्रकार युसुफ कार्श यांनी चर्चिल यांच्या तोंडातून सिगार काढून घेतला आणि त्यांच्या कपाळावर चढलेल्या आठ्या टिपल्या. ही गोष्ट छायाचित्रणाच्या वर्गात पुष्कळदा सांगितली जाते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, समोरच्याला डिवचलं की राग मिळतो. कार्श यांच्यासमोर एका साम्राज्याचा पंतप्रधान होता. तुमच्यासमोर तुमच्यावर विश्वास ठेवून आलेलं माणूस आहे. त्याला डिवचून मिळतो तो तुमच्यावरचा राग, तुम्हाला हवा असलेला नव्हे.

हे मी चूक करून शिकले. दुसऱ्या सत्रात चेहरा 'लागत' नव्हता, म्हणून मी बाईंना शेवटच्या महिन्यात शाळेच्या कार्यालयात काय बोलणं झालं ते विचारलं. त्या सांगू लागल्या, मी फ्रेम घेत राहिले, आणि तिसऱ्या वाक्याला त्या रडल्या. चीड फार पातळ पडद्याआड दुःखाला टेकलेली असते. मी कॅमेरा खाली ठेवला, पाणी आणलं, आणि त्या सतरा फ्रेम त्यांच्यासमोर पुसल्या. त्या दिवशी आणखी काम केलं नाही.

तेव्हापासून आमचे नियम असे. एक शब्द ठरलेला, 'पुरे'. तो कुणीही उच्चारला की शटर थांबतं, कारण विचारायचं नाही. सत्र चाळीस मिनिटांच्या वर नाही. सलग पाच-सहा फ्रेम, मग कॅमेरा डोळ्यांवरून खाली. भावना आणायला घटना आठवायला सांगायची नाही, कृती करायला सांगायची: खडू आवळा, दात मिटा, बोलावंसं वाटलेलं वाक्य मनात पूर्ण म्हणा आणि ओठ उघडू नका. शेवटची सूचना सर्वांत उपयोगी पडली. वाक्य मनात संपतं तेव्हा ओठांचे कोपरे किंचित आत ओढले जातात, आणि ते कुणालाही ठरवून करता येत नाही.

सत्र संपल्यावर चहा, आणि अर्धा तास दुसऱ्याच विषयावर गप्पा. आपण समुपदेशक नाही. सहकाऱ्याला पुढचे काही दिवस झोप लागत नसेल, तीच घटना घोळत असेल, तर फोटो बाजूला ठेवा आणि जाणकाराकडे पाठवा. शासनाची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

निवड आणि रंग

लगेच निवडू नका. आठवडाभर फाइल उघडायची नाही. मग चार बाय सहाच्या साध्या प्रती काढून जमिनीवर मांडा आणि दोघांनी वेगवेगळ्या वेळी, एकमेकांचं न बघता दहा-दहा उचला. आमच्या दहांत चार सामाईक निघाल्या. मला अत्यंत आवडलेला एक चेहरा बाईंनी बाजूला ठेवला, "ही मी माझ्या नणंदेसारखी दिसते." मी वाद घातला नाही. तो फोटो कुठेही गेला नाही, जाणारही नाही.

रौद्राचा रंग लाल खरा, पण चिडीला आम्ही कृष्णधवल घेतलं. इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. रंगीत फाइल कृष्णधवल करताना लाल सरकपट्टी वर नेली की आपली त्वचा उजळते आणि गुळगुळीत होते, संतापानं आलेली लालीही पुसली जाते. ती खाली आणा आणि हिरवी वर न्या. लाली गडद होते, डोळ्यांभोवतीचा थकवा आणि हातावरच्या शिरा वर येतात. हे किती न्यायचं ते सहकाऱ्याला स्क्रीनसमोर बसवून ठरवा, कारण ती त्वचा त्याची आहे.

प्रत आणि पट्टी

चकचकीत कागद टाळा. फळ्याचा काळा आणि खडूचा भुरका हे दोन्ही मॅट सुती कागदावर, ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपास, जास्त खरे वाटतात. मॅट कागदावर काळ्या छटा एकमेकींत मिसळून जातात, म्हणून आधी सावलीच्या भागाची वीतभर पट्टी छापून खिडकीच्या उजेडात पाहा. आम्हाला तीन पट्ट्या लागल्या. तिसरीत पहिल्यांदा फळ्यावर आधी पुसलेल्या अक्षरांचे ठसे दिसले, आणि बाई बराच वेळ तिथेच बोट ठेवून बसल्या.

माहितीपट्टीवर 'राग' किंवा 'चीड' लिहू नका. पाहणाऱ्याला आधीच उत्तर दिलं की तो फोटोसमोर थांबत नाही. नाव सहकाऱ्याला देऊ द्या. मी 'फळा' म्हणत होते, बाईंनी 'चौदा महिने' ठेवलं. प्रती पाच काढल्या. प्रत्येकीच्या मागे शिसपेन्सिलनं क्रमांक, तारीख आणि दोघींच्या सह्या. पाचपैकी पहिली त्यांची. पट्टीवर दोन्ही नावं एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाखाली एक, मराठी वर्णक्रमानं.